ब्लूबेरी कुणी खाल्लीये?

गेल्या महिन्यात मामा साताऱ्याला आले होते, मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. सकाळी तासगावहून निघालेला माणूस साडेदहाला दारात. आई नेहमीप्रमाणे "आधी चहा टाकते" म्हणाली आणि मी नेहमीप्रमाणे मध्ये तोंड घातलं. "मामा, आज माझ्या हातची कॉफी घ्या. एकदम वेगळी आहे."

वेगळी म्हणजे काय, तर पुण्याहून आणलेलं पाकीट. २०० ग्रॅमला ५५० रुपये. (आईला ३०० सांगितलेत. हे वाचून कुणी तिला फोन करू नये.) पाकिटात बारशाच्या आमंत्रणासारखं जाड कागदाचं एक कार्ड. त्यावर चिकमगळूरकडच्या कुठल्याशा मळ्याची उंची, प्रोसेस 'नॅचरल', आणि खाली टेस्टिंग नोट्स: ब्लूबेरी, हिबिस्कस, डार्क हनी, वायनी फिनिश. तीन आठवडे मी रोज सकाळी कप हातात धरून त्यात ब्लूबेरी शोधत होतो. सापडत नव्हती, पण ५५० रुपये दिले होते, म्हणून आहे असं धरून चाललो होतो.

मामांनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. परत उचलला आणि नुसता वास घेतला.

"माल भिजलाय का रं ह्यो?"

"म्हणजे?"

"म्हंजे वाळवताना पाऊस लागलाय, न्हाईतर थर जाड घातलाय. आतनं आंबलाय. अवकाळी लागलेल्या बेदाण्याला असाच वास मारतो बघ."

मी कार्ड पुढे केलं. मामांनी चष्मा लावून ते वाचलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, आणि परत देताना म्हणाले, "आसंल बाबा. आपल्याला काय कळतंय ह्यातलं."

आजचा हा सगळा त्रागा त्या शेवटच्या वाक्यावर आहे.

मामा कोण, हे सांगायला पाहिजे. गेली तीस-एक वर्षं हा माणूस बेदाण्यात आहे. आधी स्वतःच्या बागेचा माल, मग शेड, मग दलाली. तासगाव-सांगलीच्या सौद्यात बॉक्स फोडला की मूठभर बेदाणा हातात घ्यायचा, चोळायचा, वास घ्यायचा, दोन दाणे तोंडात टाकायचे, आणि दर बोलायचा. एवढ्या वेळात त्यांना कळतं की माल शेडमध्ये किती दिवस होता, डिपिंग ऑइल जास्त झालंय का, गंधकाची धुरी नीट बसलीये का, गेल्या वर्षीचा शिळा माल यात मिसळलाय का. किलोमागे पाच-दहा रुपयांची चूक झाली तरी टनावर मोठा फटका बसतो, म्हणून ही जीभ चुकत नाही. चुकली असती तर मुलीचं लग्न असं दणक्यात निघालं नसतं.

आणि हा माणूस, ज्याची जीभ हेच ज्याचं भांडवल, तो एका कार्डासमोर म्हणतो की आपल्याला काय कळतंय.

बरं, मामा बरोबर होते का? मी नंतर बसून वाचलं (रविवारची दुपार, दुसरं काय करणार). नॅचरल प्रोसेस म्हणजे कॉफीचं अख्खं फळ, साल-गर सगळ्यासकट, उन्हात दोन-चार आठवडे वाळवायचं आणि मग आतली बी काढायची. म्हणजे बेदाण्याचंच चुलतभावंड. गर ओला असताना त्यात साखर असते, साखर असली की किण्व असतं. थर पातळ असला, वरचेवर हलवला, हवा कोरडी मिळाली तर फळाचा गोडवा बीत उतरतो. थर जाड झाला, रात्री दव पडलं, पावसाची सर आली, की किण्व सुटतं, दारू आणि व्हिनेगरकडे जातं. या दुसऱ्या प्रकाराला कॉफीच्या पुस्तकात दोष म्हणतात: ओव्हर-फर्मेंटेड. गंमत अशी की पहिल्याला 'वायनी' म्हणतात आणि ती स्तुती असते. एकाच रस्त्यावरचे दोन मैलाचे दगड. नेमकं कुठे थांबलं म्हणजे स्तुती आणि कुठून पुढे दोष, यावर जाणकारांतही भांडणं आहेत.

माझं म्हणणं असं नाही की ती कॉफी खराबच होती. माझं म्हणणं असं की त्या दगडांमधलं अंतर मोजायला साताऱ्यातल्या आमच्या घरात त्या दिवशी जो सर्वांत लायक माणूस बसला होता, त्याने स्वतःहून माघार घेतली. आणि का? तर कार्डावर ब्लूबेरी लिहिली होती म्हणून.

तर मंडळी, ब्लूबेरी कुणी खाल्लीये?

मी खाल्ली. नाही म्हणजे मुद्दाम, याच कामासाठी, पुण्यातल्या एका मॉलमधून परदेशातून आलेली १२५ ग्रॅमची डबी आणली आणि हात धुवून, पाणी पिऊन, अभ्यास म्हणून खाल्ली. पाणचट जांभूळ. जांभळाचा तुरटपणा काढून टाकला, रंग तेवढा ठेवला, साखर निम्मी केली की झालं. कदाचित अमेरिकेत झाडावरून तोडून खाल्ली तर ती अप्रतिम लागत असेल. पण मग कार्ड त्यांच्यासाठी आहे. रास्पबेरी म्हटलं असतं तर निदान पाचगणीला जाऊन पाहून आलो असतो, स्ट्रॉबेरीसाठी तर महाबळेश्वरला २०१० पासून जीआयसुद्धा आहे.

आता हे शब्द येतात कुठून? 'फ्लेवर व्हील' नावाचं एक रंगीत चक्र असतं. कॉफीच्या कुठल्याही दुकानात भिंतीवर टांगलेलं दिसेल. पहिलं १९९५ साली अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफीच्या संघटनेने काढलं. २०१६ मध्ये ते नव्याने केलं, आणि या वेळी त्याच्या मागे वर्ल्ड कॉफी रिसर्च या संस्थेचा एक चवींचा कोश होता. कोशाचं काम कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात झालं. ११० गुण, आणि प्रत्येक गुणासमोर एक संदर्भ-वस्तू व ० ते १५ मधला तीव्रतेचा आकडा. म्हणजे 'अमुक चव' असं म्हणून सोडून दिलेलं नाही. अमुक वस्तू घ्या, अशी तयार करा, ती चाखा, तिची तीव्रता इतकी धरा. आणि त्या वस्तू अमेरिकेतल्या दुकानात मिळणाऱ्या, बऱ्याचदा ब्रँडच्या नावासकट.

माझा या लोकांवर काडीचाही राग नाही. उलट मी म्हणतो, काय सुंदर काम केलंय! प्रत्येक शब्द एका खऱ्या वस्तूला बांधलाय. दहा माणसं दहा ठिकाणी बसून तीच वस्तू चाखतील आणि मग एकमेकांशी बोलू शकतील. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

राग आहे तो आपल्याकडच्या कॉपी-पेस्टवर. आपण त्या चक्रातले शब्द तेवढे उचलले आणि वस्तू तिकडेच सोडल्या. सी-प्लस-प्लस मध्ये काम केलेल्यांना कळेल: हेडर फाइल इन्क्लूड केली, फंक्शनचं नाव बरोबर लिहिलं, कंपाइलर खूश. पण लायब्ररी लिंकच केली नाही. मग शेवटी येतं काय? 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. कार्डावरची ब्लूबेरी ही अक्षरशः अनडिफाइन्ड रेफरन्स आहे. फरक इतकाच की लिंकर एरर देऊन थांबतो आणि आपण तीन आठवडे गप्प बसून "हं, येतेय थोडीशी" असं म्हणत राहतो.

फेब्रुवारीत पुण्यात एका कपिंगला गेलो होतो. कपिंग म्हणजे सामुदायिक कॉफीचाखणी. टेबलावर एकसारखे पेले, प्रत्येकात सव्वाआठ ग्रॅम भरड कॉफी, वरून १५० मिली पाणी (साधारण ९३ अंशांचं), चार मिनिटं थांबून चमच्याने वरची साय फोडायची, वास घ्यायचा, आणि निवल्यावर चमच्यातून जोरात फुरका मारायचा. हो, फुरका! आमच्या घरी बशीतून फुरका मारत चहा पिण्यावरून आजोबा-आजीची चाळीस वर्षं भांडणं झाली, आणि इथे त्याच आवाजाचे पैसे भरून धडे. असो. तिसऱ्या पेल्याला मी म्हणालो, "हे चिंचगुळाच्या आमटीसारखं लागतंय." लोक हसले. खरंच हसले, वाईट हेतूने नव्हे, पण हसले. घेणारा मुलगा (वयाने माझ्याएवढाच, मराठीच, आडनाव ऐकून तर बहुधा आमच्याच बाजूचा) समजुतीच्या स्वरात म्हणाला, "यू मीन प्लम. विथ सम ब्राउन शुगर."

नाही रे बाबा. आय डोन्ट मीन प्लम. प्लम मी आयुष्यात पाच-सहा वेळा खाल्लं असेल. चिंचगुळाची आमटी मी आठवड्यातून तीनदा खात आलोय, म्हणजे आजवर काही हजार वेळा. कुठल्या मोजपट्टीवर जास्त भरवसा ठेवायचा, हे सांगायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही. आमटीत चिंच जास्त झाली का गूळ, हे मी पहिल्या घासाला सांगतो. कॉफीच्या पेल्यात आंबट आणि गोड यांचा तोल हीच तर मुख्य गोष्ट आहे. मग ज्या तराजूवर माझा हात बसलाय तो बाजूला ठेवून ज्याला कधी हात लावला नाही तो का उचलू?

त्या दिवशी मी गप्प बसलो आणि कागदावर 'प्लम' लिहिलं. मामांचं "आपल्याला काय कळतंय" आणि माझं ते 'प्लम' एकच आहे, हे मला मामा आले त्या दिवशी कळलं. म्हणून जास्त लागलं.

आता घरी भाजण्याबद्दल, कारण माझी सुटका त्यातच झाली.

हिरवी, म्हणजे कच्ची कॉफी मी एका ओळखीतून मागवतो, किलोला ६५० पडते. भाजताना वजनात १५ टक्के किंवा जास्त घट होते, म्हणजे किलोचे साडेआठशे ग्रॅम उरतात. हिशेब करा आणि मग वरच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाकडे बघा. (दुकानाला भाडं असतं, पगार असतात, मला मान्य आहे. मला फक्त गॅस आणि आईची बोलणी.)

यंत्र काही नाही. आईची लोखंडी कढई, लाकडी उलथनं, एका वेळी दीडशे ग्रॅम. सुरुवातीला मी अर्थातच हिंजवडीछाप शहाणपणा केला: तापमान मोजायची इन्फ्रारेड गन, लॅपटॉपवर ग्राफ, दर तीस सेकंदाला एक नोंद. आठ दिवसांनी लक्षात आलं की गन दाण्यांचं तापमान सांगतच नाही, दाण्यांच्या फटीतून दिसणाऱ्या कढईचं सांगते. ग्राफ मात्र फार देखणा आला होता.

मग गन ठेवून दिली आणि नाक-कान वापरले. दाणा आधी हिरवा, मग फिकट, मग सांगलीच्या हळदीसारखा पिवळा, तेव्हा वास ओल्या गवताचा. पुढे तपकिरी होताना भाजक्या पिठाचा वास. मग साधारण १९५ अंशांच्या आसपास (हे पुस्तकातलं) पहिला फुटवा: लाह्या फुटतात तसा मोकळा, मोठा आवाज. इथून पुढे सगळा खेळ मिनिटा-दोन मिनिटांचा. थोडं थांबून दुसरा फुटवा, हा बारीक, भरभर, फोडणीतल्या मोहरीसारखा. त्याच्याही पुढे गेलात तर धूर, तेल, आणि शेजारच्या काकू: "काय करपलं का हो?"

काकूंनी हा प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. 'करपलं' हा शब्द बघा. इंग्रजीत कॉफीच्या भाजणीला लाइट, मीडियम, डार्क. म्हणजे नुसता रंग. चव कुठेय? आपल्याकडे हिरवट, कच्चट, खमंग, खरपूस, करपट, जळकट. सहा शब्द, चढत्या क्रमाने, आणि आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला दोन शेजारच्या शब्दांमधली सीमारेषा झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. रव्याचा लाडू हिरवट लागला की आई एका घासात ओळखते. कंदी पेढा हा तर खरपूसचा आमचा साताऱ्याचा मानकच समजा. खवा तपकिरी होईपर्यंत परतायचा, त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांवर काम करतात, तोच तो लुई कामिय मेयार या फ्रेंच माणसाने १९१२ साली मांडलेला बदल, आणि कॉफीच्या दाण्यात पहिल्या फुटव्याआधी चालतो तोही तोच. कार्डवाल्याला 'कॅरॅमल' लिहायचं असतं तिथे मी 'कंदी पेढा' लिहितो. माझ्या आईला चव लगेच कळते. पाकीटवाल्याचं कॅरॅमल म्हणजे नेमकं कुठलं, हे त्याला तरी माहीत असेल का, शंका आहे.

दोषांचे शब्द तर विचारूच नका. कुबट (ओल लागलेला माल). खवट (भाजून महिना उलटला, दाण्यावरचं तेल खराब झालं). धुरकट. पोत्याचा वास (जुनं पीक). आंबूस, म्हणजे आंबट नव्हे! आंबट हा गुण असू शकतो, आंबूस हा दोषच. मामांनी 'आंबलाय' म्हटलं आणि 'आंबट आहे' नाही म्हटलं, ही गोष्ट त्या कार्डावरच्या चारही शब्दांपेक्षा जास्त नेमकी होती. आणि मिळमिळीत! आच मंद ठेवून दाणा रेंगाळत भाजला की कॉफी आंबटही लागत नाही, गोडही नाही, नुसती तपकिरी लागते. त्याला इंग्रजीत 'बेक्ड' म्हणतात. मिळमिळीत जास्त बरोबर आहे.

भाजून झालं की सुपात घ्यायचं आणि पाखडायचं. फोलपटं उडून जातात आणि दाणे गारही होतात. एका सुपात दोन मशिनं. अरेबिका आणि रोबस्टा एकत्र करायच्या असतील तर वेगवेगळ्या भाजून मग मिसळा, कारण दोन्हींचा वेळ वेगळा. हे मला आईने सांगितलं. तिला अरेबिका-रोबस्टा माहीत नाहीत, भाजणी माहीत आहे: "तांदूळ आणि उडदाची डाळ एकदम कढईत टाकतं का कोणी?"

आता आक्षेप. हिंजवडीतला माझा मित्र (कॉफीत बुडालेला, चांगला माणूस) म्हणतो, अरे, व्यापाराला एक समान भाषा लागते. टोकियोतल्या खरेदीदाराला काकवी काय कळणार?

मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळत नाही. देशात पिकणाऱ्या कॉफीतली दोन तृतीयांशाहून जास्त बाहेर जाते. ज्या पोत्यावर परदेशी पत्ता आहे त्यावर खुशाल ब्लूबेरी लिहा. पण माझं पाकीट टोकियोला चाललेलं नव्हतं. कर्नाटकात पिकलं, भारतात भाजलं, रुपयात विकलं, साताऱ्यात प्यायलं. या साखळीत ब्लूबेरी खाल्लेला माणूस कुठल्या कडीला आहे? आपल्याकडे मिरजेच्या पुढे म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक लागतं, आणि तिथून एका रात्रीच्या बसवर ते डोंगर आहेत जिथे बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणून लावल्या असं सांगतात. बाबाबुदनगिरी, चिकमगळूर, कुर्ग या कॉफींना २०१९ मध्ये जीआय मिळालं. जीआय म्हणजे कायद्याने मान्य केलेली गोष्ट की या मातीचा माल इतर मातीपेक्षा वेगळा आहे. सांगलीच्या बेदाण्याला ते २०१६ साली मिळालं, हळदीला २०१८ ला. मातीचं नाव कायद्याने जपायचं आणि चवीचं नाव मात्र आयात करायचं!

आणि व्यापाराचंच म्हणाल तर मामाही व्यापारच करतात. त्यांचा बेदाणा देशभर जातो. सौद्यात उभं राहून कुणी 'नोट्स ऑफ हनी' म्हणत नाही, तरी दर ठरतो, चेक वटतो.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या बाजूने. "आपण चहावाले. कॉफी ही आपली नाहीच." महाराष्ट्राचा आणि कॉफीचा संबंध म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या गाईडातला एका मार्काचा प्रश्न: राज्यात कॉफीचे मळे कुठे? चिखलदरा. संपलं. या लोकांना मी एवढंच विचारतो की उपासाला, रात्रीच्या अभ्यासाला, आणि जावई आला की तुमच्याकडे काय व्हायचं? आमच्याकडे कॉफी. दुधात उकळलेली, गाळलेली, वर जायफळ.

हे जायफळ म्हणजे शहरी कॉफीवाल्यांचं आवडतं टिंगलीचं गिऱ्हाईक. इथे मी दोघांनाही नाराज करणार आहे. आजीच्या हातची ती कॉफी चांगली नव्हती. प्रेमाची होती, चांगली नव्हती. पूड चिकोरी मिसळलेली. आजही अशा मिश्रणात कायद्याने कॉफी ५१ टक्के असली की पुरते, उरलेली चिकोरी चालते, फक्त पाकिटावर लिहावं लागतं. वर ती पाच मिनिटं उकळायची. कडवट व्हायचीच. जायफळ त्या कडवटपणावर पांघरूण घालायचं, आणि पांघरूण घालायला काय वापरावं हे ज्या कुणी पहिल्यांदा शोधलं तिची जीभ फार तयार असणार. म्हणून 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' या मंडळींत मला बसवू नका. त्यांना जीभ होती, माल नव्हता. आता माल हाताशी आहे आणि आपण जीभ गहाण टाकतोय, ती पण कार्डाच्या बदल्यात.

माझी वही चालू आहे. त्यातल्या काही नोंदी, जशाच्या तशा: "पीबेरी, पहिल्या फुटव्यानंतर दीड मिनिट. आमसुलाचं सार, निवल्यावर काकवी. गोल दाणा कढईत छान फिरतो, करपत नाही." "रोबस्टा. भाजलेल्या शेंगदाण्याचं साल. मग पुन्हा शेंगदाण्याचं साल." "घाई केली. तुरीची कच्ची डाळ. आईने पण ओळखलं." "करवंद!! (पिकलेलं, चीक काढलेलं.)" आणि एका पानावर नुसतं "?", कारण त्या चवीला माझ्याकडे अजून वस्तू नाही. फुलाचा वास आहे, मोगरा नाही, जाई नाही. विचारून ठेवलंय.

लग्न गेल्या रविवारी झालं. मी दोन डबे घेऊन गेलो होतो, घरी भाजलेले, चिठ्ठी-कार्ड काही नाही. एकात नॅचरल, एकात धुतलेली. मंगळवारी पाहुणे पांगल्यावर मामांना दोन्ही करून दिल्या. त्यांनी आधी डब्यातले दाणे मुठीत घेतले, चोळले, दोन तोंडात टाकून कडाकडा चावले (कपिंगच्या पुस्तकात हे कुठेच नाही), मग बशीत ओतून प्यायले.

"ही डावीकडची वाळवलीय नीट. गूळ हाय हिच्यात. उजवी तू चुलीवरनं लवकर काढलीस."

उजवीवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, आणि मला ती मुद्दाम अशी आंबटसर, खमंगच्या जरा अलीकडे हवी होती. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, "मग चुकीचं पायजेल हाय तुला." अर्धा तास वाद झाला. मामी दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी मामांनी डावा डबा स्वतःच्या बाजूला ओढला आणि विचारलं, "हिचा दर काय लावलाय? कच्च्या मालाचा सांग, भाजल्याचा नको."

मला उजवीकडचीच आवडते. अजूनही.